कामाचं पाणी

डाळज जवळ आलं की द्वारकाबाई मनाशी ठरवायच्या, आज खिडकीबाहेर बघायचं नाही. आणि एस.टी. तिथं पोचली की मान आपोआप वळायची. हायवेच्या कडेला सोपानतात्यांच्या इमारतीचे अकरा खांब उभे होते. नुसते खांब. वर स्लॅब नाही, मधे भिंत नाही. प्रत्येक खांबाच्या डोक्यातून चार-चार सळया बाहेर आलेल्या, गंजून तांबूस झालेल्या. खाली तात्यांनी कडबा रचला होता आणि दोन शेरडं बांधली होती. चार वर्षांपूर्वी हेच तात्या पेढे वाटत सांगत होते, खाली गाळे, वर लॉज. ठेकेदार खांब उभे करून जो गेला तो गेलाच. आधी त्याचा फोन वाजायचा आणि तो उचलायचा नाही. मग वाजायचाही बंद झाला.

“आत्या, नका बघू तिकडं,” शेजारी बसलेली वृषाली म्हणायची.

“मी कुठं बघतीया? ऊन लागतंय का बघत व्हते.”

वृषाली त्यांची सून. मुलगा कुंडलिक तीन वर्षांपूर्वी डाळिंबाच्या बागेतून घरी आला, ओट्यावर बसला आणि चहाचा कप हातात घ्यायच्या आत गेला. जाण्याआधी त्यानं बारामतीत एमआयडीसीच्या अंगाला दोन गुंठ्यांचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. तिथं सहा खोल्या बांधायच्या आणि शिकायला, नोकरीला येणाऱ्या पोरींना भाड्यानं द्यायच्या, हे त्याच्या डोक्यातलं. “बाजारभाव पडला म्हणून खोलीचं भाडं पडत न्हाय, आई,” असं म्हणायचा.

ते त्याचं राहिलेलं काम पुरं करायला द्वारकाबाईंनी रस्त्याकडेचा एक एकर विकला होता. वांगी, मिरची, टोमॅटो, सगळं पिकवून दिलेला तो एकर. आता उरलं होतं ते पळसदेवातलं घर आणि मागचा अर्धा एकर. खोल्या झाल्या तर वृषालीला आणि बारावीत शिकणाऱ्या संस्कृतीला आयुष्याचा आधार. डाळजसारखे खांब झाले तर गेलेली जमीन काही परत येणार नव्हती. द्वारकाबाई चौऱ्याहत्तरच्या होत्या. दुसरा डाव खेळायला त्यांच्याकडं ना जमीन होती ना वर्षं.

म्हणून माणूस भरवशाचा पाहिजे होता. आणि माणूस तर मिळत नव्हता.

चार महिने दोघी सासू-सुना बारामतीच्या वाऱ्या करत होत्या. पहिला ठेकेदार दारात उभंच करेना. दुसऱ्यानं जागा न बघताच दर सांगितला. तिसरा विशाल नावाचा इंजिनिअर, काचेच्या हापिसात बसणारा. त्यानं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्यांच्या सहा खोल्या बांधून दाखवल्या. रंगासकट, झाडांसकट, दारात लाल गाडी उभी.

“ही गाडी कुणाची?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“गाडी अशीच असते हो आजी. चित्राला शोभा येते.”

“मग खोल्या बी अशाच का?”

विशाल हसला, वृषाली लाजली. पण बाहेर आल्यावर द्वारकाबाई म्हणाल्या, “पोरगं वाईट न्हाय. पण त्याच्या नखात शिमीट न्हवतं. काम करणार कोण मग?”

त्या दिवसांत त्यांचं कशातच लक्ष नसायचं. आमटीत दोनदा मीठ पडायचं. संस्कृती ताट सरकवायची, “आज्जी, समुद्र केलाय नुसता!” त्यांना मात्र ती आमटी अळणीच लागायची. बीपीच्या गोळ्यांनी तोंडाची चव गेली असेल, असं वृषाली म्हणाली आणि मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

आणि मग लखनचं नाव निघालं.

ते का निघालं, त्याला कारण जुन्या पळसदेवाचं. उजनीचं पाणी चढलं तेव्हा जुनं गाव त्याच्या पोटात गेलं. द्वारकाबाई लग्न होऊन ज्या घरात आल्या, तेही गेलं. त्या आल्या तेव्हा घराचं काम चाललं होतं. वय वर्षं सोळा. डोक्यावर पदर, हातात गवंड्यांच्या चहाची किटली. सावळाराम गवंडी ते घर बांधत होता. चुन्याची घाणी दिवसभर फिरायची, दगडावर छिन्नीचा आवाज चालायचा आणि सासूबाई, कुशाबाई, लिंबाच्या सावलीला पोतं टाकून बसलेल्या असायच्या. त्या घरात दहाच वर्षं राहणं झालं. गाव उठलं तेव्हा तुळया, दारं, कड्या काढून आणल्या. जोतं तिथंच राहिलं.

दोन उन्हाळ्यांमागं धरण पार तळाला गेलं आणि जुनं देऊळ उघडं पडलं. लांबलांबून लोक बघायला आले. द्वारकाबाईही वृषालीला घेऊन भेगाळलेल्या गाळातून चालत गेल्या. लोक देवळाचे फोटो काढत होते. त्या मात्र देवळाच्या उजव्या अंगानं पावलं मोजत गेल्या आणि थांबल्या. शिंपल्यांनी भरलेलं, शेवाळ वाळून काळं पडलेलं, पण जोतं होतं. चारी कोपरे जागच्या जागी. सेहेचाळीस वर्षं पाण्याखाली राहून एक चिरा हलला नव्हता. द्वारकाबाईंनी कोपऱ्यावर हात ठेवला आणि त्यांना सावळाराम गवंडी दिसला. पागोटं बांधलेला, सासूबाईंपुढं हात जोडून उभा. असाच तो त्यांच्या आठवणीत कायम असायचा, हात जोडलेला. तेव्हाची माणसं कामाला देव मानायची, असं त्या संस्कृतीला नेहमी सांगत.

लखन या सावळारामाचा नातू. बारामतीत ठेकेदारी करतो, असं कळल्यावर द्वारकाबाईंनी त्याला निरोप धाडला. तो मोटारसायकलवरून पळसदेवाला आला. पस्तिशीचा, बोलका, हाताला सिमेंटच्या भेगा पडलेला. आल्याआल्या पाया पडला.

“आजी, तुमच्या घरचं काम म्हंजी आमच्या आज्जाचंच काम. मला वाटलं व्हतं, तुमी बोलवाल कधीतरी.”

“सावळारामाचं नाक घेतलंयस रं,” द्वारकाबाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते त्यांचे.

“तू केलेलं काम कुठं बघायला मिळेल?” वृषालीनं विचारलं.

“कवाबी या की वहिनी. पणदऱ्याच्या रस्त्याला एक चाललंय.”

पण बघायला जाण्याची वाट द्वारकाबाईंनी पाहिलीच नाही. जोतं बघितलं होतं, आणखी काय बघायचं? त्याच बैठकीत चार माणसांसमोर त्यांनी लखनच्या हातात नारळ-सुपारी ठेवली. कागद नाही, करार नाही. या भागात नारळ दिला की शब्द झाला. तो मागं घेतला तर चार गावांत तोंड दाखवायची सोय राहत नाही. पाडव्याला भूमिपूजन आणि आठ दिवसांनी पायाचं काँक्रीट, असं ठरलं.  वृषालीनं त्या दिवशी भांडी जरा जोरात घासली.

झोप उडाली ती त्यानंतर. भूमिपूजन झालं, खड्डे खणून झाले, आणि लखनचा फोन वाजायला लागला तो वाजतच राहायचा. सकाळी वाजायचा, दुपारी वाजायचा, उचलला जायचा नाही. द्वारकाबाई फोन कानाला लावून बसायच्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढं ते अकरा खांब यायचे. सोपानतात्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी वाजणारा फोन.

तिसऱ्या दिवशी वृषालीनं पिशवी उचलली. “आत्या, उठा. पणदऱ्याच्या रस्त्याला जाऊ. त्याला सांगायचं न्हाय. आपण बघायचं.”

बारामतीतून दुसरी गाडी धरली. उतरल्यावर उसाच्या फडांमधून अर्धा मैल चालावं लागलं. बांधकाम लांबूनच दिसलं. एक मजला झालेला, दुसऱ्याचे खांब उभे, माणसं कामावर. द्वारकाबाईंच्या छातीवरचं ओझं जरा हललं. निदान काम चालू होतं.

लखन नव्हता. डोक्यावर चुंबळ ठेवून एक बाई घमेली वाहत होती. झुंबर तिचं नाव. तिनं दोघींना पत्र्याच्या सावलीला बसवलं. उन्हानं घसा सुकलेला, जवळच निळा ड्रम काठोकाठ भरलेला. द्वारकाबाईंनी वर तरंगणारा मग उचलला आणि तोंडाला लावला.

“ओ आजी! थांबा, थांबा!” झुंबर घमेलं टाकून धावली. “ते नका पिऊ. ते कामाचं पाणी हाय. पिण्याचं जारात हाय तिकडं.”

पण घोट तोंडात गेला होता. ज्या जिभेला आमटीतलं दुप्पट मीठ कळत नव्हतं, तिलाही ते कळलं. मचूळ. जाडसर, खारट, घशाशी अडकणारं. द्वारकाबाईंनी चूळ थुंकली आणि मग त्या हळूच उठून खालच्या मजल्याच्या भिंतीपाशी गेल्या. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत भिंतीवर पांढरं फुललं होतं. बोट फिरवलं तर पीठ हाताला आलं.

“लोणा,” त्या म्हणाल्या. “वृषाली, लोणा लागलाय हिला. अजून माणूस राहायला आलं न्हाय आन् लोणा लागलाय.”

चोपण, खारावलेल्या जमिनीचं पाणी कसं असतं, हे ऊस पिकवणाऱ्या मुलखात कुणाला शिकवावं लागत नाही. त्यांच्या स्वतःच्या जुन्या बोअरचे लोखंडी पाइप या पाण्यानं तीन वर्षांत खाल्ले होते. वर काढले तेव्हा हातात भुगा आला होता. तेच पाणी इथं सिमेंटात जात होतं. सळयांच्या अंगाला बसत होतं.

लखन आला तो हसतच आला. “आजी! आवतण न देता? फोन करायचा की.”

“तीन दिवस तेच करतीया.”

“अवो, फोन पडला पाण्यात. तुमाला वाजतो, हितं ऐकूच येत न्हाय. दुरुस्तीला टाकलाय. आजच मिळणार हाय.”

“कुठल्या पाण्यात पडला? ह्या?” द्वारकाबाईंनी ड्रमकडं हात केला. “मग गेलाच म्हणायचा तो.”

झुंबर पदराआड हसली. लखन मात्र गंभीर झाला. “बोअरचं हाय. मालकाला मी म्हणालो व्हतो, टँकर मागवा. मालक म्हणतो, परवडत न्हाय. मी काय करणार?”

“थांबायचं.”

“थांबलो तर दुसरा येतो आन् तेच पाणी घालतो. ह्या पट्ट्यात सगळीच घालत्यात, आजी. शिमिटाला काय जीभ असतीया?”

“तुझ्या आज्जाला असलं चाललं नसतं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “त्यानं नदीचं गोडं पाणी गाडीनं आणून चुना मळला. म्हणून जोतं टिकलं. त्याचं नाव सांगून नारळ घेतलास तू माझ्याकडनं!”

लखननं मान खाली घातली. मग त्याला हसू आलं, पण ते हसू निराळं होतं.

“रागावणार नसाल तर सांगू? आज्जा मरेपातूर एकच गोष्ट सांगायचा. पळसदेवात एका म्हातारीनं माझी तीन पिपं भर उन्हात पालथी केली म्हणून. नदी लांब पडायची, तर त्यानं वढ्याचं पाणी आणलं गुपचूप. म्हातारीनं बोट बुडवून चाटलं आन् लाथ मारली पिपाला. म्हणायचा, तसली मालकीण पुन्हा कुणाच्या नशिबाला येऊ नये.”



द्वारकाबाईंना आठवलं. आठवलं म्हणजे रोजच आठवायचं ते, पण आता त्याची दुसरी बाजू दिसली. किटली घेऊन त्या लिंबाखाली आल्या होत्या. जमीन ओली होती. सगळीकडं पाणी पसरलेलं, पिपं आडवी पडलेली आणि सासूबाई उभ्या. सासूबाई कधी उभ्या राहायच्या नाहीत, बसलेल्याच असायच्या. आणि पुढं सावळाराम, हात जोडलेला. “चुकलं, बाई. पुन्हा न्हाय व्हायचं.” हे शब्दही त्यांनी ऐकले होते. सोळा वर्षांच्या नव्या नवरीला सासूचा एवढा धाक, की तिनं खाली बघून चहा ओतला आणि परतली. पुढं अठ्ठावन्न वर्षांत ओली जमीन पुसली गेली, शब्द पुसले गेले, जोडलेले हात तेवढे उरले.

दोघी परतीच्या गाडीत बसल्या. भिगवण मागं पडलं.

“मग आता?” वृषालीनं विचारलं. “नारळ मोडायचा का? विशालकडं जायचं?”

“विशालच्या पाण्यात काय हाय, ते कुणी चाखलंय?” द्वारकाबाई म्हणाल्या. “मी चार महिने गवंडी हुडकत फिरले गं. सासूबाई रोज कामावर येऊन बसायच्या. मला वाटायचं, म्हातारीला घरात करमत न्हाय. आन् ते जोतं…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. डाळज आलं होतं. या खेपेला त्यांनी मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं. अकरा खांब उभे होते. सोपानतात्या कामाच्या वर्षभरात किती वेळा तिथं जाऊन बसले असतील? घर तर त्यांचं पलीकडंच, हाकेच्या अंतरावर. पण ठेकेदार मोठा माणूस, त्याच्या कामात आपण काय बोलायचं, असं म्हणायचे तात्या.

दुसऱ्या दिवशी वृषालीनं बारामतीला जाऊन स्टँपपेपर आणला. नारळ मोडला नाही, पण त्याच्यावर कागद आला. पाणी नगरपालिकेच्या टँकरचंच, प्रत्येक काँक्रीट आमच्यासमोर, बोअरचं पाणी दिसलं तर काम बंद. लखननं वाचलं, दोनदा वाचलं.

“आजी, भरोसा न्हाय व्हय माझ्यावर?”

“हाय की. म्हणून तर तुलाच ठेवलाय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “कर सही.”

त्यानं सही केली. तोंड मात्र पडलं होतं.

पायाच्या काँक्रीटचा दिवस. चैत्राचं ऊन सकाळी नऊलाच चटके देत होतं. मुरूम लागेपर्यंत खणलेले नऊ खड्डे, त्यात बांधलेल्या सळयांच्या जाळ्या. मिक्सर सुरू झालेला, त्याचा कानात बसणारा आवाज. दहा माणसं घमेली घेऊन तयार, त्यांत झुंबरही होती. टँकर येऊन ड्रम भरून गेला होता. सिमेंटची पहिली पोती फुटली होती. लखन हात कमरेवर ठेवून उभा.

“घ्या आजी. चाखा तुमचं पाणी.”

द्वारकाबाईंनी ड्रममध्ये मग बुडवला, पाणी तोंडात घेतलं. थांबल्या. पुन्हा घेतलं.

काही कळेना.

पणदऱ्याचं पाणी मिठाच्या ढेकळासारखं होतं, ते कुणालाही कळलं असतं. हे तसं नव्हतं. हे गोडं होतं का? की जिभेला ते गोडं वाटत होतं? त्यांनी डोळे मिटले.  हो म्हणावं तर एकदा सळयांवर बसलेलं पाणी पुन्हा काढता येणार नाही. नाही म्हणावं तर दिवस फुकट, माणसं फुकट, आणि पाणी चांगलं निघालं तर उद्यापासून या म्हातारीचं कोण ऐकणार? सासूबाईंना कधी असं झालं होतं का? त्यांचं बोट एकदाच बुडायचं.

“काय आजी? झालं का? माल सुकतोय.”

द्वारकाबाईंनी हातातला मग सुनेकडं दिला. “मला कळंना गं,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “माझी जीभ गेलीया. तू बघ.”

वृषाली आजवर ठेकेदाराशी मान वर करून बोलली नव्हती. प्रश्न विचारायची तेही भिंतीकडं बघून. तिनं मग घेतला. एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि थुंकला. दुसरा घेतला. सगळी माणसं तिच्याकडं बघत होती. मिक्सर फिरत होता. तिच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते, आणि द्वारकाबाईंना वाटलं, ही आता भिऊन बरं म्हणणार.

“पालथा करा,” वृषाली म्हणाली.

“काय?” लखन ओरडला.

“ड्रम पालथा करा. हे टँकरचं न्हाय. मिसळलेलं हाय.”

“वहिनी, टँकर तुमच्यासमोर आला!”

“टँकर आला. त्यात काय भरलं, ते मी बघितलं न्हाय. पालथा करा, न्हायतर मी करते.” आणि कुणी पुढं येत नाही म्हटल्यावर तिनं पदर खोचला, दोन्ही हात ड्रमच्या काठाला लावले आणि जोर केला. ड्रम हलेना. झुंबरनं घमेलं खाली ठेवलं आणि दुसऱ्या बाजूनं हात लावला. पाणी धबाधब सांडलं, काळ्या मातीच्या भेगांतून खाली गेलं, उरलेलं माल कालवायच्या पत्र्यावर पसरलं.

कुणीतरी मिक्सर बंद केला. एकदम शांतता झाली. लखनच्या मानेची शीर फुगली होती. तो काही बोलणार, तेवढ्यात झुंबर म्हणाली, “लखनशेठ, पत्र्याकडं बघा.”

तापलेल्या पत्र्यावरचं पाणी बघता बघता आटत होतं, आणि जिथं आटलं तिथं कडेनं पांढरी रेघ उमटत होती. बारीकच, पण पांढरी.

लखन वाकला. बोटानं रेघ पुसली, जिभेला लावली. मग खिशातून दुरुस्त झालेला फोन काढला, लांब जाऊन टँकरवाल्याला जे काही बोलला ते बायकांनी ऐकू नये असं होतं, पण सगळ्या बायकांनी ऐकलं. टँकरवाल्यानं निम्मी टाकी कुठल्याशा बोअरवर भरली होती. गर्दी होती म्हणे नगरपालिकेच्या पाण्याला.

परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. “दुसरा टँकर दुपारी येईल, वहिनी. मी सोता जाऊन भरून आणतो.” जरा थांबून म्हणाला, “आज्जाचं बरोबर व्हतं.”

“काय म्हणायचा?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“जाऊ द्या.”

द्वारकाबाई खडीच्या ढिगाच्या सावलीला बसल्या.  हा तर नुसता पाया. मग खांब, मग भिंती, मग स्लॅब, आणि स्लॅबला पंधरा दिवस रोज पाणी मारायचं. प्रत्येक ड्रम, प्रत्येक टँकर. पावसाळ्याच्या आत व्हायला पाहिजे. आणि आपण किती दिवस पुरणार?

वृषाली ड्रमपाशीच उभी होती, हात अजून ओले, जणू ती हलली तर कुणी त्यात पुन्हा काही ओतेल. ओल्या जमिनीवर उभी.

“ये गं सावलीला,” द्वारकाबाई म्हणाल्या. “आन् उद्या येताना छत्री आण. दोन आण.”